मोनिकाबायची गढूळ बिअर

प्रभूला वंदन! आणि आज या मांडवात त्याने ज्यांना ज्यांना आणून बसवलंय, त्या तुम्हा सगळ्यांना वंदन!

मंडळी, आधी एक प्रश्न. पाहुणा दारात आला – त्याच्यापुढे काय ठेवावं? आपल्याकडे आहे ते? की आपल्याकडे आहे असं त्याला वाटावं ते?

काय? 'आहे ते' म्हणता? वा! मग पाहुणा आला की पलंगावरची चादर का बदलता हो? ... हसू नका, हसू नका! आमच्याही घरी बदलतात!

तर ऐका. हे आख्यान आहे एका बिअरचं.

बघा! बिअर म्हटल्याबरोबर मागची रांग ताठ बसली! अहो, ती नव्हे, तुमच्या मनातली नव्हे. ही आल्याची. घरी केलेली. आलं ठेचायचं, साखर, लिंबू, उकळून गार केलेलं पाणी, आणि त्यात विरजण – दह्याचं नव्हे, आल्या-साखरेचं आंबवलेलं. चार दिवस बरणीत मुरवायची, मग बाटलीत भरून बूच सुतळीने आवळायचं. बूच काढलं की – फस्स! आजीबाईच्या नाकापर्यंत तुषार!

वसईच्या पट्ट्यात आपलीच एक आळी. नाव सांगत नाही, नाहीतर उद्या तिथली मंडळी माझ्याशी भांडायला येतील. तिथे राहायची मोनिकाबाय तुस्कानो. नवरा इनास, केळीची वाडी, एकुलती लेक फिलोमिना. आणि फडताळात एक चिनी मातीची बरणी. त्या बरणीत विरजण. मोनिकाबायला ते आईने दिलेलं, आईला तिच्या आईने. रोज सकाळी प्रार्थना झाली की मोनिकाबाय त्याला चमचाभर साखर आणि किसलेलं आलं घालायची. म्हणायची, "खा बाय, खा." आधी त्याला घास, मग इनासला चहा! इनास म्हणायचा, "मोने, मी पण जिवंत आहे गं!"

ही बरणी लेकीबरोबर सासरी जायची. घराची रीतच तशी. सोनं असो-नसो, बरणी पाहिजे.

फिलोमिनाचं लग्न ठरलं. मुलगा वांद्र्याचा, गुणी. लग्नाला आठवडा असताना मुलाकडची माणसं तयारी बघायला आली. मुलाचे आजोबा, पास्कोलबाबा – थकलेले, कमी बोलणारे. आणि मुलाची आत्या, ग्रेटा. मंडळी, प्रत्येक लग्नात अशी एक आत्या असते. ती नसेल तर लग्न लागतं की नाही, मला शंका आहे!

मोनिकाबायने हौसेने ग्लास भरले. ग्रेटाआत्याने ग्लास उचलला. तोंडाला? छे! खिडकीकडे! उजेडात धरला, एक डोळा मिटला.

"अगोबाई! यातून तर खिडकीसुद्धा दिसत नाही! विहीणबाई, गढूळ आहे हो ही."

"घरची आहे ना, आत्याबाई. अशीच असते."

"आमच्याकडे ग्लासातून पलीकडचा माणूस दिसतो! तुम्ही ही स्वच्छ तरी करा, नाहीतर राहू द्या. आम्ही आणू बाटल्या. आणि ती बरणी म्हणे मुलीबरोबर येणार? नको बाई! आमच्या ओट्यावर असलं काही बुडबुडणारं नको."

मोनिकाबायने काय केलं? मुलीची आई ती. ट्रे उचलला, आत गेली. पास्कोलबाबांचा ग्लास तेवढा रिकामा होता, पण तिचं तिकडे लक्षच गेलं नाही.

आत फिलोमिना कुजबुजली, "आय, कर ना त्यांना हवी तशी. मला जन्मभर राहायचंय तिथे."

झालं! बाहेरच्याचा शब्द अंगाला लागतो हो, लेकीचा आत जातो.

मग सुरू झाली गढूळपणाशी लढाई! मोनिकाबायने मलमलीचं फडकं चौपदरी केलं, गाळली – तशीच! आठपदरी केलं – तशीच! शेजारणी आल्या. एक म्हणाली अंड्याचं पांढरं घाल. दुसरी म्हणाली देवळातल्या मेणबत्तीजवळ ठेव. मंडळी, सल्ला द्यायला आपली आळी कधी मागे हटलीय का? शेवटी इनासला सुचलं – "मोने, तुरटी! पावसाळ्यात विहिरीचं पाणी कसं स्वच्छ करतो?"

लग्नासाठी सहा बरण्या भरलेल्या. मोनिकाबायने पहिल्या बरणीत तुरटीचा खडा सात वेळा फिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण काढलं – काय सांगू! काच! आरसा! तळाला चिखलासारखा थर आणि वर लख्ख. इनास नाचायचाच बाकी.

"जिंकलो! आता उरलेल्या पाच! आणि ते विरजणही एकदा धुऊन काढ, म्हणजे आत्याबाईंच्या ओट्याला चालेल."

मोनिकाबायने खडा हातात घेतला. विरजणाच्या बरणीचं झाकण काढलं. आणि आत बघते तर – सकाळचा घास खाऊन बुडबुडे वर येतायत. एक... एक... एक. आईच्या आईपासूनचे!

हात थांबला. म्हणाली, "थांब. आधी ती चाखू."

लख्ख बिअरची एक बाटली भरली, बूच आवळलं आणि दोन दिवसांनी ते ओढलं. फस्स नाही. फुस्सही नाही! घोट घेतला. जीभ आखडली. ना आलं, ना लिंबू, ना झणका. तुरट पाणी! मोनिकाबाय हळूच बोलली –

"इनास, ही दिसायला लागली रे, पण बोलायची बंद झाली."

वा! मंडळी, मी इतकी वर्षं कीर्तन करतो, पण हे वाक्य मला नाही सुचलं. एका बाईला सुचलं, आल्याने हात चुरचुरत असताना! पेटीवाले, सूर धरा –

*तळीचे वरती येऊ दे, देवा तुझिया पुढे*
*निवळ दिसाया धरिले सोंग गळोनी पडे ॥*

लग्नाचा दिवस. माडाच्या झावळ्यांचा मांडव, बँडवाले, वड्यांचा घमघमाट. पंगतीत पहिला मान वराकडच्यांचा. आणि मोनिकाबाय स्वतः आली, लुगड्याचा पदर खोचून, हातात गढूळ बाटली! फिलोमिनाचा चेहरा उतरला. ग्रेटाआत्याच्या भुवया टाळूला लागल्या.

मोनिकाबायने काय करावं? ओतण्याआधी बाटली आडवी धरली आणि दोन्ही तळव्यांत हळूहळू फिरवली. तळचं सगळं वर!

"अहो विहीणबाई!" आत्या ओरडलीच. "गढूळ ती गढूळ, वर आणखी ढवळताय?"

"हो आत्याबाई. चांगलं सगळं तळाशी बसलंय. वरवरचं पाहुण्याला आणि तळचं घरच्यांना, ही या घराची रीत नाही."

"पण काही दिसत नाही हो यातून!"

आणि आठ दिवस घशात अडकलेलं उत्तर बाहेर आलं! ताठ मानेने, गोड आवाजात –

"आत्याबाई, आमच्याकडे माणूस बघायला ग्लास लागत नाही. समोर बसला की दिसतो."

बँडवाल्याचा फुगलेला गाल तसाच फुगलेला!

आणि तेवढ्यात आवाज आला – ठक्! पास्कोलबाबांनी रिकामा ग्लास टेबलावर पुढे सरकवला होता.

"मोनिकाबाय, ओत. त्या दिवशी मला दुसरा ग्लास कोणी विचारलाच नाही!"

असा हशा पिकला! म्हातारा प्याला, मिशीला फेस. डोळे मिटून म्हणाला, "माझी आय करायची. बरणी होती आमच्याकडे. शहरात आलो, लाज वाटली, टाकून दिली. साठ वर्षं झाली."

मग फिलोमिना उठली. नवरी हो, डोक्यावर जाळीचा पदर! आईच्या हातातली बाटली घेतली, तळव्यांत फिरवली, आणि पुढचा ग्लास भरला – ग्रेटाआत्याचा. "घ्या आत्या. माझ्या घरची आहे."

मंडळी, त्या आईची मान त्या क्षणी किती उंच झाली असेल! मांडवाच्या झावळ्यांना लागली असेल!

पाठवणीच्या वेळी बरणी गाडीत चढली ती पास्कोलबाबांच्या मांडीवर. दोन्ही हातांनी धरून बसले, नातवाला बाप्तिस्म्याला नेताना धरावं तसे. ग्रेटाआत्या पुढच्या सीटवर. वळून म्हणते काय? "बाबा, नीट धरा. पुढे रस्त्यात गचके आहेत."

एवढंच! पण आत्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं!

तर मंडळी, मी सुरुवातीला काय विचारलं? पाहुण्यापुढे काय ठेवावं? आता पाहुणा जरा मोठा धरा. आत्ता, या मांडवात, तुमच्यापुढे जो येऊन बसलाय, तो! त्याच्यापुढे आपण काय ठेवतो? रविवारचा इस्त्रीचा सदरा. पाठ केलेली प्रार्थना. तुरटी फिरवून लख्ख केलेलं मन – दिसतं छान, बोलत नाही! आणि तळाशी? सख्ख्या भावाशी दोन वर्षं बोलला नाहीस, ते तळाशी. सुनेला बोललीस तो शब्द तळाशी. आणि कोणासाठी तरी गुपचूप रडलीस ना, ती मायासुद्धा तिथेच तळाशी!

आता घ्या ते मन दोन्ही तळव्यांत. हळूच आडवं धरा. फिरवा. येऊ द्या वर. लाजू नका, तो ग्लास उजेडात धरून बघणारा नाही.

तो रिकामा ग्लास पुढे सरकवून बसलाय. ओता!

बोला, प्रभू येशूचा – जय!