गंजीचं बूड

यमुनाआत्या. पह्यले हे नाव लिहून घ्या, मग बाकीचं सांगतो. माह्या बापाची मोठी बहीण, अचलपूरच्या बाहेर तिचं इतकुसं वावर, त्यात झेंडू, शेवंती, अन् उरलेल्या तुकड्यात सोयाबीन. आमच्या घरात माह्या आधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. मी शाळेपासून तिच्याच घरी राहिलो, तिनं परतवाड्याच्या बाजारात बसून हार इकले अन् मी अकोल्याले जाऊन शेतीच्या अवजारांचा इंजिनिअर झालो. हे उपकार फेडायच्या भानगडीत मी पडत नाही, ते फिटत नसतात.

पण खरं शिक्षण मले कॉलेजात नाही भेटलं. काय सांगू तुमाले, या बाईनं एकदा फवारणीचा पंप घ्याचा ठरवला. दुकानदार म्हणे बाई, कंपनीतून तपासून येते. आत्या म्हणे भर पाणी. भरलं. तं हिनं तो पाठीवर घेतला अन् निघाली दांडा मारत अख्ख्या बाजारातून, दुकानदार मागून वरडून राहिला, ओ बाई, कुठी चालल्या, लोक हासून राहिले, मी लाजेनं खाली मान घालून मागं. परत आली तं पाठ ओलीचिप्प. म्हणे हा गळते. दुकानदार म्हणे इथं तं नाही गळत. आत्या म्हणे तुह्या काउंटरवर नाही गळत, माह्या पाठीवर गळते, अन् मले तुह्या काउंटरवर फवारायचं नाही.

बस. माही डिग्री ती. बाकीचा कागद.

तं मग मी यंत्रं तपासायच्या कामावर लागलो, कंत्राटी. पेरणीचं यंत्र, मळणीचं यंत्र, चालत्या शेतावर नेऊन पाहाचं, तेल किती पिते, दाणा किती फोडते, कुठं अडते, अन् सुधरून द्याचं. असं नेमणुकीच्या कागदावर होतं. वावरात काय होते ते आता ऐका.

रिद्धपूरच्या बाजूले नामदेवभाऊंच्या वावरात नव्या मळणी यंत्राची चाचणी होती. लाल रंगाचं, चमचम. अकोल्याहून आमचे साहेब आले, पांढरे बूट घालून. काळ्या मातीत पांढरे बूट घालून येणारा माणूस मी दुरूनच ओळखतो. तो गाडीपासून सतरंजीपर्यंत चालते, अन् सतरंजीच्या पुढं त्याची शेती संपते.

आता गंजी म्हणजे काय ते समजून घ्या, नाहीतं पुढचं फुकट जाईल. सोयाबीन सोंगलं, म्हणजे कापलं, की त्याचा ढीग लावतात, वर ताडपत्री, ती गंजी. मधात पाणी येऊन जाते. मग वरचं वाळते पण बूड ओलंच राहते, मातीत दबलेलं, गवत गुंतलेलं. अन् आमच्याकडं हे बूड सगळ्यात शेवटी मळतात, दिवस कलल्यावर. यंत्रवाल्याले दुसऱ्या वावरात जायची घाई, बायांले घरच्या चुलीची घाई. यंत्रात हात जातात ते तेव्हा जातात. वरचा ढीग मळताना कोणाचा हात गेला हे मी तं कधी ऐकलं नाही.

साहेबांनी नारळ फोडला, यंत्राले हार घातला, माणसाले घालत नाहीत असा, वरच्या कोरड्या पेंढ्या टाकल्या. दाणा पडला मोत्यावानी. टाळ्या, फोटो. साहेब म्हणे उत्कृष्ट कार्यक्षमता. मी म्हटलं साहेब, बूड बाकी आहे. ते म्हणे कशाचं बूड? अन् गेले जेवायले, नामदेवभाऊंकडं वांग्याची भाजी अन् पानगे होते. यंत्राची कार्यक्षमता त्यांनी दोन मिनिटं पाहिली, पानग्यांची मात्र मनापासून तपासली.

मी मागं राहिलो. म्हटलं मळा बूड. ओला पाला घास घालायच्या तोंडात अडकला, यंत्र घुमायले लागलं, अन् नामदेवभाऊंची घरवाली, सुमनवहिनी, तिनं सवयीनं हात घातला ढकलायले. मी वरडलो, तिले पदराले धरून मागं ओढलं, यंत्र फिरवणारा ट्रॅक्टर बंद करवला. वहिनी म्हणे काहून वरडता भाऊ, दरसाली असंच ढकलतो आमी. मग बंद यंत्रात मी माहा हात घातला. कोपर बाहेर राहिलं अन् बोटं आतल्या दात्यांले लागली. वहिनीनं पाहिलं, मग आपल्या बांगड्यांकडं पाहिलं.

तोंड आखूड काहून ठेवलं? माल लवकर आत पडावा, वेग जास्त दिसावा, म्हणून.

साहेब दात कोरत परत आले. मी म्हटलं तोंड हातभर लांब करा, वर झाकण बसवा. ते म्हणे अरे, वेग कमी होईल ना. होऊ द्या म्हटलं. म्हणे चाचणी कोरड्या पिकावरच घ्यायची असते, आणि ओलं पीक मळू नये असं माहितीपत्रकात छापलंय की. छापलंय! मग वावरात पाटी लावा, सापांनी चावू नये, तेही ऐकतील. साहेब हासले नाहीत. खांद्यावर हात ठेवून म्हणे, विलास, तुझं कंत्राट दिवाळीला संपतंय ना? मोठ्या माणसाची धमकी अशी असते, तब्येत विचारल्यावानी.

मी नापास लिहिलं. त्याच जागी दुसऱ्यानं पास लिहिलं, त्यानं ते यंत्र फोटोत पाहिलं होतं. दिवाळीले माहं कंत्राट संपलं. साहेब अजून तिथंच आहेत, बूटही पांढरेच असतील.

मी आता नांदगाव पेठेत एका वर्कशॉपात आहे. ज्याले पाहिजे त्याच्या मळणी यंत्राले लांब तोंड बसवून देतो. बरं चाललं. फक्त यंदा समजलं की ते लाल यंत्र फिरत फिरत आत्याच्या गावात पोचलं अन् शेजाऱ्यांसंग तिनंही आपल्या सोयाबीनसाठी ते सांगून ठेवलं. फोनवर तिले ऐकू येत नाही, ती आपलंच बोलते अन् ठेवून देते. म्हणून चिठ्ठी पाठवली, शेजारची पोरगी वाचून दाखवते. काय लिहिलं ते सांगतो, जसंच्या तसं उतरवा.

तीर्थरूप आत्या,
तुह्या गावात लाल मळणी यंत्र आलं आहे. त्याच्यावर माही सही नाही. त्याच्यापायीच माही नोकरी गेली, तुले सांगितलं नव्हतं, आता सांगतो. रविवारी मी लांब तोंड घेऊन येतो अन् बसवून देतो, तोवर गंजी झाकून ठेव. शेजारच्यांनी ऐकलं नाही तं त्यांले म्हण, वरचं मळा पण बुडाले थांबा. ओलं अडकलं तं आधी यंत्र बंद करा, मग तुराटीच्या काडीनं काढा, हातानं नाही. बाया हासतील. हासू दे, तुह्यावर तं अख्खा बाजार हासला होता.
यंदाची शेवंती कशी आहे? तुह्या दोन्ही हातांले नमस्कार.
तुहा,
विलास