मॅनेजर म्हणजे कोच नव्हे

(भोपाळ, मिसरोद. दुपारचे सव्वातीन. बाहेर लख्ख ऊन असूनही दिवाणखान्याचे पडदे ओढलेले. टेबलावर लॅपटॉप उघडून ठेवला आहे.)

कमलिनी : दारावरची पाटी कशाला काढली तुम्ही?

उदय : स्क्रू ढिले झाले होते.

कमलिनी : बावीस वर्षांत नाही झाले, आजच झाले?

उदय : बरं, नव्हते झाले. तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा दोन पोरं मोटरसायकलवरून आली. फाटकासमोर थांबली, पाटीचा फोटो काढला आणि गेली. म्हटलं, पुढची तुकडी येईल तिला निदान घर शोधू दे.

कमलिनी : काही बोलली?

उदय : एक जण हसला. बास, एवढंच.

कमलिनी : हसणारेच जास्त वाईट. शिव्या देणारा माणूस थकून जातो तरी.

उदय : कमल, पाऊण तास राहिलाय. चारला चौकशी समिती त्या लॅपटॉपवर येऊन बसेल. मी तुझं निवेदन लिहून काढलंय, साध्या हिंदीत, पाच मुद्द्यांत. ते ऐकून घे. मुद्दा पहिला. 'भारतीय टीम में मैनेजर और मुख्य प्रशिक्षक, ये दो अलग-अलग पद हैं.'

कमलिनी : हे समितीला माहीत आहे हो. त्यांनीच नेमलं ना, सरोजला कोच आणि मला मॅनेजर.

उदय : समितीला माहीत आहे, देशाला नाही. सगळा घोळ या एका शब्दाचा आहे. ही पोरं युरोपातले फुटबॉलचे सामने बघतात. तिकडे कोचलाच मॅनेजर म्हणतात. संघ त्याचा, डाव त्याचा, हरला तर गच्छंतीही त्याची. आपल्याकडे मॅनेजर म्हणजे पासपोर्ट सांभाळणारी, खोल्यांच्या किल्ल्या वाटणारी.

कमलिनी : मोजे मोजणारी.

उदय : मोजे मोजणारी. वीस वर्षांखालच्या मुलींचा संघ पात्रता फेरीतच बाहेर पडला, यांनी 'टीम मॅनेजर' शोधलं, तुझा फोटो निघाला, की झाली सुरुवात. मॅनेजर हटाओ. चोर सोडून संन्याशाला फाशी.

कमलिनी : मग चोर कोण? सरोज?

उदय : मी तसं म्हटलं नाही.

कमलिनी : मुद्दा तिसरा वाचा. मी बघितला मघाशी.

उदय : 'अंतिम ग्यारह का चयन पूर्णतः मुख्य प्रशिक्षक का अधिकार था.' यात एक अक्षर तरी खोटं आहे का?

कमलिनी : खोटं नाही. पण शुक्रवारी सरोजला काढून टाकलं. चार वर्षं त्या बाईने या पोरी घडवल्या. विमानतळावर पत्रकारांनी घेरलं तेव्हा म्हणाली, गोलकीपर मैंने उतारी, सवाल मुझसे पूछिए. जुईचं नावसुद्धा नाही घेतलं. आणि मी इथे पडदे लावून मुद्दा तिसरा वाचू?

उदय : तो तिचा मोठेपणा. पण समिती विचारणारच. आदल्या सामन्यात जिचं डोकं खांबावर आपटलं तीच पोरगी पुन्हा गोलमध्ये का? नुसती बरोबरी पुरत होती, आणि हिने घरंगळत आलेला चेंडू सोडून शेजारच्या रिकाम्या हवेला मिठी मारली. ती क्लिप आपल्या दूधवाल्यानेही पाहिलीय. तू एवढंच सांग की डॉक्टरांनी परवानगी दिली आणि कोचने उतरवलं. तुझा काय संबंध?

कमलिनी : पंखा कमी करा जरा.

उदय : पंखा बंद आहे, कमल.

कमलिनी : मग थंडी का वाजतेय मला?

उदय : पस्तीस वर्षं शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकलीस, हजार पोरं एका रांगेत उभी केलीस, आणि चार म्हाताऱ्यांना घाबरतेस? कर नाही त्याला डर कशाला.

कमलिनी : आणि केलं असेल तर?

उदय : काय केलं असेल तर?

कमलिनी : इकडे बसा आधी. उभे राहून नका ऐकू.

उदय : बसलो.

कमलिनी : जुईला हिंदी बोलता येत नाही. मतलब, समजते थोडी. पण कोल्हापूरची पोर, घर आणि तालमीचं मैदान सोडून कुठे गेलेली नाही. बोलते पण तिकडच्यासारखी, मी आलो, मी गेलो. आम्ही चिडवायचो तिला. बाकीच्या पोरी मणिपूरच्या, झारखंडच्या, हरियाणाच्या. सगळ्या कॅम्पात मराठी आम्हाला दोघींनाच. म्हणून डॉक्टर तपासायचे तेव्हा मी शेजारी उभी राहायची. ती सांगणार, मी हिंदीत करून देणार.

उदय : दुभाषीपण. तू सांगितलं होतंस फोनवर. मग?

कमलिनी : डोकं आपटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, नाश्ता झाल्यावर, डॉक्टरांनी बोलावलं. विचारलं, कैसा लग रहा है. ती मला म्हणाली, बाई, मला समदं दोन-दोन दिसालंय.

उदय : हं.

कमलिनी : मी डॉक्टरांना सांगितलं, कहती है, थोड़ी थकान है.

उदय : थकान?

कमलिनी : तिने टेबलाखाली माझा हात धरला होता. इतका घट्ट, की ही बांगडी रुतली. म्हणाली, बाई, बसवू नगा मला, नोकरीच्या भरतीवाले बघाय येणार हायत. आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं. थकान. डॉक्टरांनी तेच लिहिलं. खाली मॅनेजरची सही लागते. मी केली.

उदय : पण डॉक्टर माणूस नुसतं ऐकून सोडत नाही. बोटं वगैरे दाखवतात की.

कमलिनी : दाखवली. ती 'दो' म्हणाली. बरोबर होतं. बाहेर आल्यावर मला सांगते, चार दिसली, निम्मी सांगितली. हसत होती हो. आणि मीपण हसले.

उदय : अरे देवा.

कमलिनी : पोरीसाठी केलं असं मी स्वतःला नऊ दिवस सांगतेय. पण तेवढंच नव्हतं. दुसरी गोलकीपर कच्ची होती. ती उभी राहिली असती तर आपण हरलोच असतो. वीस वर्षं मी किल्ल्या वाटल्या, मला एकदा, एकदाच पुढची फेरी बघायची होती.

उदय : हे कुणाकुणाला माहीत आहे?

कमलिनी : तिला, मला. आता तुम्हाला.

उदय : मग चौथ्याला कळायचं काही कारण नाही.

कमलिनी : मला वाटलंच तुम्ही असं म्हणाल.

उदय : मला भीती वाटतेय, कमल. सरळ सांगतो. सकाळची ती पोरं चुकीच्या बाईच्या घराचा फोटो काढून गेली. तू चारला तोंड उघडलंस की उद्यापासून ते बरोबर बाईचं घर होईल. संपदा दोन दिवस ऑफिसात जेवायला खाली उतरत नाहीये, सगळे विचारतात म्हणून. तिला काय सांगायचं? की तुझी आई खरंच...

कमलिनी : बोला ना. खरंच काय?

उदय : मला तो शब्द नाही काढायचा.

कमलिनी : नऊ दिवस तुम्ही मला समजावताय की शिव्या देणारे मूर्ख आहेत, त्यांना मॅनेजर आणि कोच कळत नाही. आणि मी मनात म्हणते, मूर्ख आहेत खरे, पण दगड बरोबर जागी लागलाय.

उदय : झालं ते झालं. सामना परत येणार नाही, सरोजची नोकरी येईल की नाही देव जाणे, आणि पोरगी घरी सुखरूप आहे.

कमलिनी : सुखरूप आहे का ते मी विचारलंच नाही. चार दिवस फोन हातात घेते आणि ठेवून देते.

उदय : वाजतोय. बघ कोण आहे. अनोळखी असेल तर उचलू नकोस.

कमलिनी : जुई आहे.

उदय : स्पीकरवर टाक.

जुई : हॅलो, बाई? झाली का वो मीटिंग?

कमलिनी : चारला आहे गं. डोळे कसे आहेत?

जुई : बरं हाय की.

कमलिनी : खरं सांग मला.

जुई : सरळ बगितलं की एकच दिसतंय. डावीकडं बगितलं की दोन. मान फिरवून बगितलं की परत एक होतंय. सवय झाली आता.

कमलिनी : डॉक्टरकडे गेली होतीस?

जुई : कशाला? उद्या सकाळी सातला ट्रायल हाय भरतीची. डॉक्टर बसवून ठेवणार. मी ठरवलंय बाई, बॉल डावीकडनं येणार असला की आधीच मान वळवून उभारणार.

कमलिनी : आणि परत डोक्याला लागलं तर?

जुई : न्हाई लागत. ही एक ट्रायल होऊ दे, मग म्हैनाभर बॉलला हात लावणार न्हाई. आईशपथ. तुमी फक्त आज काय बोलू नगासा. सरोज मॅडमबी बोलल्या न्हाईत बगा काय.

कमलिनी : सरोज मॅडमना माहीतच नाही, जुई.

जुई : काय माहीत न्हाई?

कमलिनी : दोन-दोन दिसत होतं ते. मी त्यांना सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही.

जुई : मला वाटलं, डॉक्टरास्नी न्हाई पण त्यास्नी सांगितलं असणार तुमी. मैदानात जाताना माझ्या पाठीवर थाप मारली त्यांनी. मला वाटलं, एवढं असूनबी मला खेळवत्यात, एवढा इश्वास हाय माझ्यावर.

कमलिनी : त्यांना वाटत होतं तू थकलीयेस फक्त.

जुई : म्हंजे त्यास्नी उगंच काढलं?

कमलिनी : हो.

जुई : पर तुमी कोच न्हाईसा की. तुमी मॅनेजर. खेळवायचं न खेळवायचं तुमचं काम न्हाई. लोक काय बी म्हणू द्यात.

कमलिनी : तू सांगितलं ते पुढे पोचवायचं माझं काम होतं. मी चारला सांगणार आहे.

जुई : बाई, नगा.

कमलिनी : ट्रायल नाही द्यायची उद्या.

जुई : गल्लीतली पोरं हसाल्यात माझ्यावर. हवेला मिठी मारून दाखवत्यात. तुमी सांगितलं की म्हणतील, आंधळी हाय. कोण घेणार मला? हात धरून इनवणी केलती तुमाला. तवा ऐकलं, आता का न्हाई?

कमलिनी : तेव्हा ऐकायला नको होतं म्हणून.

जुई : ठेवतो मी.

कमलिनी : जुई? जुई, ऐक... कट केला तिने.

उदय : डावीकडे बघितलं की दोन, म्हणाली?

कमलिनी : हो.

उदय : बारा दिवस झाले ना डोकं आपटून?

कमलिनी : बारा. का? असे का बघताय?

उदय : मंडीदीपच्या साइटवर आमच्याकडे एक फिटर होता, दिलीप नावाचा. डोक्याला पाइप लागला. रक्त नाही, काही नाही. टोपी उलटी घालून कामावर हजर. रोज विचारायचो, रोज म्हणायचा, एकदम चंगा हूँ साहब. पंधरवडा झाला असेल. चहाचा कप हातात होता आणि बसल्या जागी कलंडला. आत रक्त साचत होतं इतके दिवस.

कमलिनी : वाचला?

उदय : ते नको विचारूस आत्ता.

कमलिनी : मला उत्तर द्या.

उदय : नाही.

कमलिनी : आणि ही उद्या सातला उड्या मारणार. आणि मी म्हणते, थकान.

उदय : रडू नकोस. रडायला वेळ नाहीये. तो माझा कागद दे इकडे. नको वाचूस तो. जे मला सांगितलंस तेच सांग, त्याच क्रमाने. आधी ती काय म्हणाली ते, मग तू काय सांगितलंस ते.

कमलिनी : संपदाला काय सांगणार?

उदय : मी सांगेन. बाप आहे, काहीतरी काम नको का मला? जुईच्या आईचा नंबर आहे तुझ्याकडे?

कमलिनी : सगळ्या पोरींच्या घरचे नंबर आहेत. तेवढं मॅनेजरकडे असतंच. लावते... वाजतोय नुसता. उचलत नाहीत.

उदय : परत लाव. बैठक सुरू झाली तर मी लावत राहीन. भरतीवाल्यांनाही कळवावं लागेल. कोल्हापुरात माझा एक जुना सहकारी आहे, विश्वास म्हणून, तो घरी जाऊन धडकेल, त्याला पत्ता पाठव.

कमलिनी : पत्ता फोनमध्येच आहे. तुम्ही पाठवा.

उदय : दे. तीन अठ्ठावन्न झाले. चष्मा घाल... थांब, जुईचाच परत येतोय. घे.

जुई : बाई, सुरू झालं का वो?

कमलिनी : दोन मिनिटं आहेत. रागावलीस?

जुई : व्हय.

कमलिनी : रागाव. चालेल मला.

जुई : तुमचं नाव जाईल की वो.

कमलिनी : जाऊ दे.

जुई : लोक दारात येतील तुमच्या.

कमलिनी : येऊन गेले.

जुई : बाई.

कमलिनी : बोल गं, ऐकतेय मी.

जुई : सांगणारच हायसा, तर समदं सांगा. सकाळधरनं डाव्या हाताला मुंग्या याल्यात. आईला अजून सांगितलेलं न्हाई.