उभ्या बाईच्या मापाचा आरसा

नवरा : अगं, ओरडू नकोस! तू ओरडलीस की माझे हात हलतात.

बायको : मग हलवू नका. वरची पट्टी भिंतीतून बाहेर आलीय.

नवरा : किती आलीय ते सांग. माझा गाल काचेला चिकटलाय, मला वर बघता येत नाही.

बायको : डावीकडचे स्क्रू लोंबतायत. उजवीकडचा एक अजून आत आहे, पण त्याच्याभोवतीचा गिलावा गळतोय. तुमचं डोकं पांढरं झालंय.

नवरा : म्हणजे अख्खा आरसा आता माझ्यावर.

बायको : तुमच्यावरच. भिंतीला त्याचं काही देणंघेणं राहिलेलं नाही.

नवरा : भिंतच फुसकी निघाली.

बायको : भिंतीला नावं ठेवू नका. ओल आली तेव्हा मिस्त्री नको म्हणून तुम्हीच थापला होता तो गिलावा.

नवरा : ही वेळ आहे का हे काढायची?

बायको : मग कुठली? एरवी तुम्ही एका जागी उभे कधी सापडता?

नवरा : खुर्ची घेऊन इथवर येता येईल का तुला?

बायको : मध्ये हत्यारांची पेटी, ड्रिलची वायर, उरलेलं प्लायवूड. शिवाय एका हातानं चाक ढकललं की खुर्ची जागच्या जागी गोल फिरते. फिरू? करमणूक होईल.

नवरा : फोन कर कुणाला तरी.

बायको : माझा स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलाय, तुम्हीच. तुमचा तुमच्या खिशात.

शेजारी (दाराबाहेरून) : अहो, काय पडलं? आमच्याकडची मांडणी हादरली!

नवरा : काही नाही काका! काम चाललंय!

बायको : काका, आत या! आरसा पडतोय यांच्या अंगावर!

शेजारी : येतो हो, पण दाराला आतून कडी आहे!

बायको : भरदिवसा कडी कशाला घातलीत?

नवरा : लोक येऊन अक्कल शिकवतात म्हणून.

शेजारी : मी कालच म्हटलं होतं, एवढा आरसा म्हणजे चौघांचं काम! बरं, दार फोडू का?

नवरा : फुटायचं नाही! चौकटीसकट मी स्वतः बसवलंय!

बायको : भिंतीचा गिलावाही यांनीच थापला होता, काका. धक्का मारून बघा, येईल हातात.

शेजारी : माझा खांदा दुखावलाय हो. खालून कुणाला तरी घेऊन येतो. तोवर सोडू नका!

नवरा : सगळे हेच सांगतात. सोडू नका. धरायला मात्र कुणी येत नाही.

बायको : सरकवत खाली का टेकवत नाही?

नवरा : खाली फरशी आहे. कोपरा टेकला की काच तडकणार.

बायको : उशा टाकते. पलंग माझ्या चांगल्या हाताशी आहे.

नवरा : टाक. नीट नेम धर.

(उशी त्याच्या पाठीवर आपटून दूर जाऊन पडते.)

नवरा : मला नाही मारायची!

बायको : डावा हात आहे हा. त्यानं आजवर नुसता कंगवा धरलाय, कात्री कायम उजव्यात. थांबा, दुसरी ओढते. चादरीत अडकलीय. ... अहो.

नवरा : काय?

बायको : तुमच्या कोपरापाशी काचेवर तपकिरी डाग आहे.

नवरा : असेल.

बायको : केसांच्या रंगाचा डाग आहे तो. एका पोरीनं रंग लावताना मान झटकली होती, तेव्हा उडाला. ब्लेडनं खरवडलं तरी गेला नव्हता. माझ्या पार्लरमधल्या दुसऱ्या खुर्चीसमोरचा आरसा आहे हा.

नवरा : हात भरून आलेत माझे.

बायको : तोंड नाही भरून आलं. काचा नव्या आणल्या म्हणाला होतात. पार्लरला कुलूप लावून ठेवलंय म्हणाला होतात.

नवरा : गाळा सोडला.

बायको : कधी?

नवरा : तुला दवाखान्यातून घरी आणलं, त्यानंतर लगेच. मालक दारात येऊन बसायचा.

बायको : मला न विचारता.

नवरा : तुला तेव्हा बोलता येत नव्हतं गं.

बायको : आता केव्हाचं येतंय. आज जेवताना मी भाजीत मीठ नाही म्हटलं, तेसुद्धा नीट कळलं तुम्हाला. माझ्या खुर्च्या?

नवरा : दिल्या. आरसे तेवढे कुणाला द्यायला जीव होईना. दोन जोडून, मागं प्लायवूड लावून एक मोठा केला. म्हटलं, तुझेच आहेत, तुझ्यासमोर राहतील.

बायको : माझ्यासमोर? समोर मला काय दिसतंय, सांगू? पंखा. आणि कपाटावरची सूटकेस.

नवरा : पंखा?

बायको : पार्लरचे आरसे तुम्हीच लावले होते. खुर्चीत बसलेल्या बाईला कमरेपासून वर दिसेल असे. एकाचंही माप चुकलं नव्हतं. मग घरातच कसं चुकलं?

नवरा : तिथं गिऱ्हाईक बसायचं. तू मागं उभी असायचीस.

बायको : म्हणून?

नवरा : पडदे लावताना दाराच्या चौकटीवर तुझ्या उंचीची खूण केली होती मी. तिथून माप घेतलं.

बायको : मी मागं या खुर्चीतच होते की. वळून बघितलं असतं तरी चाललं असतं.

नवरा : वळलो नाही. माप घेताना तू मला चौकटीपाशीच दिसत होतीस. उभी.

बायको : आणि गाळा सोडताना?

नवरा : तेव्हा बसलेली.

बायको : वा. गाळा सोडलात बसलेल्या बाईचा आणि आरसा लावलात उभ्या बाईचा. एक काय ते ठरवा.

नवरा : नाही ठरवता येत मला! सकाळी वाटतं, उभी राहशील. रात्री तुला उचलून पलंगावर ठेवतो तेव्हा वाटतं, कसली राहतेय. डॉक्टरला विचारलं तर तो खांदे उडवतो. ती व्यायामाची बाई म्हणते, आरशासमोर बसवा, मेंदूला दिसू दे. मेंदूला काय दिसू दे, ते सांगत नाही. मग मी काहीतरी ठोकायला घेतो. ठोकताना डोकं गप्प बसतं.

बायको : तरीच घरात एवढे खिळे झालेत.

नवरा : आधी उशी टाक.

बायको : पाय बाजूला घ्या. घेतला? ... गेली. बरोबर खाली गेली! तुमच्या डाव्या पायाशी आहे, पायानंच जरा आत ढकला. हां. आता सोडा हळूहळू.

नवरा : जातंय?

बायको : जातंय. घाई नको. पंखा गेला. कपाट दिसलं. माझे केस दिसले. हे कुणी कापलेत?

नवरा : मीच. मागच्या महिन्यात.

बायको : दिसतंयच ते. चार लोकांत नेऊ नका मला. ... कपाळ आलं.

नवरा : डोळे मीट.

बायको : का?

नवरा : आता तोंड येईल.

बायको : दाढीचा आरसा फुटला म्हणालात, तो याच्यासाठी ना? बेसिनवरचा काढलात. माझ्या पर्समधलासुद्धा काढलात. आणि स्वतः रोज हनुवटी कापून घेताय.

नवरा : मिटतेस की नाही?

बायको : तुम्ही थांबवू शकता का आरसा?

नवरा : नाही.

बायको : मग येऊ दे.

नवरा : ... टेकला. टेकला गं. उशीवर आहे. बोल काहीतरी.

बायको : तुमची पाठ दिसतेय. बाजूला व्हा.

नवरा : नको.

बायको : बाजूला व्हा म्हणते ना. कडेनं धरा.

नवरा : झालो. ... अगं?

बायको : दोन काचांचा सांधा बरोबर माझ्या नाकावर आलाय.

नवरा : थोडी सरकून बस.

बायको : सरकता आलं असतं तर आरसा कशाला लागला असता?

नवरा : चुकून बोललो.

बायको : तोंड हे असं वाकडं झालंय तर. आणि बघायला येणारा प्रत्येक जण म्हणत होता, कळतसुद्धा नाही गं, अगदी पहिल्यासारखी आहेस. माझी बहीणसुद्धा. हसत हसत खोटं बोलले सगळे मेले.

नवरा : मी नाही तसं म्हणालो.

बायको : तुम्ही काहीच नाही म्हणालात. तुम्ही आरसे उचललेत.

नवरा : रडू नकोस.

बायको : हा उजवा नुसता गळतो, दिवसभर. रडायचा डोळा डावा आहे.

नवरा : डाव्यातूनपण येतंय.

बायको : माहीत आहे. दिसतंय मला.

शेजारी : आणलं हो दोघांना! बाजूला व्हा, दार फोडतोय!

बायको : थांबा काका! आता पडत नाहीये. जरा थांबा बाहेर.

शेजारी : आधी म्हणता या, आता म्हणता थांबा! काय ते एक ठरवा की!

बायको : या घरात तेवढंच जमत नाही, काका! ... अहो, पेन्सिल तुमच्या कानावर आहे. आरशाची वरची कड जिथं आलीय तिथं भिंतीवर खूण करा. पट्टी तिथं लावा. आणि या वेळी मिस्त्री बोलवा.

नवरा : इतक्या खाली? आणि तू उभी राहिलीस तर?

बायको : तर वाकेन. करा ना खूण.

नवरा : हात सुटत नाहीयेत गं. उशी सरकतेय. सोडला की जाईल.

बायको : मग धरून ठेवा. माझं अजून बघून झालेलं नाही.