आपला, आमचा, हा

छबू : आणि इथे, तिसऱ्या परिच्छेदात, तू चिडली होतीस.

वहिनी : मातीच्या थरांवर लिहिताना कोण चिडतं, छबू?

छबू : तू. ऐक. 'आपल्या देशात काळी, तांबडी आणि गाळाची माती आढळते.' छान, प्रसन्न बाई. पुढच्याच ओळीत, 'या देशात वरची सुपीक माती दर पावसात वाहून जाते आणि कोणालाही त्याचं काही नसतं.' मधे काय झालं?

वहिनी : माती वाहून जाते हे खरं आहे. माझ्याकडे आकडे आहेत.

छबू : आकडे ठेव बाजूला. 'आपला' होता त्याचा 'हा' कधी झाला ते सांग.

वहिनी : त्या दिवशी नळजोडणीच्या अर्जासाठी गेले होते. साहेब जेवायला गेले होते.

दादा : दुपारभर जेवत होते. बाईसाहेब घरी आल्या त्या 'या देशाचं काही खरं नाही' म्हणतच. मी आधी पाण्याचा पेला पुढे केला, मग तोंड उघडलं.

छबू : दादा, तू चहा करायला गेला होतास ना?

दादा : चहा उकळतोय. कान मोकळे आहेत.

वहिनी : बरं, 'या' खोड, 'आपल्या' कर. झालं?

छबू : झालं कुठे? पाचवा परिच्छेद. 'आपण धान्य पिकवतो, आपण जगाला कापूस पुरवतो.' छाती केवढी फुगली आहे बघ.

दादा : तो सामना जिंकल्यावर लिहिलाय.

वहिनी : अहो, मी सामने बघतसुद्धा नाही.

दादा : बघत नाहीस. पण आरडाओरडा झाला की आतून विचारतेस, 'आपण जिंकलो का?' आणि सामसूम असली की, 'हरले वाटतं तुमचे लोक.'

छबू : हसू नकोस वहिनी, पाठ्यपुस्तक समितीने धडा परत पाठवला तो याचसाठी. शेरा वाच. 'लेखिकेची भूमिका स्पष्ट नाही.' मातीबद्दल एक चूक काढता आली नाही त्यांना. पण चार वाजता पुस्तकाचा गठ्ठा छापखान्यात जातो. तोवर धडा सरळ झाला नाही, तर जुनाच छापणार आहेत.

वहिनी : जुना? गांडूळ शेताचा शत्रू आहे म्हणणारा तो?

छबू : तोच. चित्रासकट. चित्रात गांडुळाला दात आहेत.

वहिनी : छबू! प्रयोगशाळेत माती चाळण्यात माझा जन्म गेला, आणि पोरं दातवालं गांडूळ शिकणार?

छबू : म्हणून तर कार्यालयात न जाता आधी इकडे आले.

वहिनी : मग सोपं आहे. 'आपला' नको, 'आमचा' नको, काहीच नको. 'देशात तीन प्रकारची माती आढळते. देशात धान्य पिकतं.' मोजता येतं तेवढंच लिहायचं.

दादा : वा! चौथीची पोरं ढाराढूर झोपतील.

छबू : मोठ्याने वाच बघू. समोर मूल बसलंय असं समजून.

वहिनी : 'देशात तीन प्रकारची माती...' अगंबाई. जप्तीची नोटीस वाटते.

छबू : आणि आता हा नद्यांचा. 'आमच्या देशातल्या नद्या गढूळ वाहतात, पण आमची गाळाची माती त्यांनीच आणून दिली आहे.' आमच्या!

वहिनी : त्यात काय एवढं? आमचा काय, आपला काय.

छबू : सारखं कसं? 'आपलं घर' मी तुला म्हणेन. 'आमचं घर' परक्याला सांगेन. समोरचा आत आहे की बाहेर, ते त्या एका शब्दात कळतं. नद्यांवर लिहिताना तुझ्यासमोर कोण उभं होतं?

वहिनी : कोणी नाही. अहो, चहाचं बघता का जरा?

छबू : दादा?

दादा : लेकीचा फोन आला होता.

वहिनी : अहो!

दादा : सांगू दे ना. छबू, तिला तिकडचं नागरिकत्व मिळतंय. पुढच्या आठवड्यात शपथ आहे. आनंदात होती पोरगी. बोलता बोलता विचारलंन, 'तुमच्याकडे पाऊस झाला का गं?'

छबू : तुमच्याकडे.

दादा : ही म्हणाली, 'आमच्याकडे झाला.' फोन ठेवला आणि नद्या लिहायला बसली.

वहिनी : मी काही रडत बसले नव्हते.

छबू : नव्हतीसच. सगळ्या धड्यात सुंदर परिच्छेद तोच आहे. पण रुसलीस लेकीवर, आणि दाराबाहेर उभं केलंस चौथीतल्या मुलाला.

वहिनी : वन्सं, मला शिकवू नका.

दादा : वन्सं म्हणाली! छबू, चपला घाल आणि पळ.

छबू : मी नाही घाबरत. लग्नाच्या वर्षी मी रोजच वन्सं होते.

वहिनी : थट्टा पुरे. माझी खरंच अडचण आहे. 'आपला' लिहिलं की वाचणारा आत आला. पण तो आत आहे का, हे मी कुठे तपासलंय? मागे एका शाळेत मातीचे नमुने दाखवायला गेले होते. शेवटच्या बाकावर दोघी बहिणी होत्या, सीमेपलीकडून आलेल्या. मी म्हटलं, ही आपली माती. तर धाकटी म्हणाली, 'आमची पांढरी असते.' पुरावा नसताना मी लिहीत नाही, छबू. आजवर कधी लिहिलेलं नाही.

छबू : तू या घरात आलीस, तेव्हा पहिल्या सकाळी आईला काय विचारलं होतंस?

वहिनी : आता कुठलं आठवायला.

छबू : मला आठवतंय. 'तुमच्याकडे साखर कुठे ठेवतात?'

दादा : आणि आई म्हणाली, 'आपल्याकडे वरच्या फळीवर असते.'

वहिनी : हो. निळ्या झाकणाचा डबा.

छबू : तुला पटलं होतं? आपल्याकडे?

वहिनी : छे! रडू येत होतं मला. आपल्याकडे म्हणजे माझ्या माहेरी. तिथे साखर खालच्या कपाटात असायची.

छबू : मग आई खोटं बोलली?

वहिनी : नाही गं. खोटं नाही म्हणता येणार. त्या माझ्याआधी पोचल्या होत्या, एवढंच. मी मागून आले.

दादा : किती मागून?

वहिनी : तुमच्या बहिणीशी पहिलं भांडण झालं तेव्हा. ओल्या पायांनी घरभर हिंडली होती ही. मी ओरडले, 'आपल्या घरात हे चालणार नाही.'

छबू : आणि मी दाराआड तोंड दाबून हसत होते. म्हटलं, आली एकदाची!

वहिनी : तेव्हाच का नाही सांगितलंस?

छबू : पुन्हा वन्सं झाले असते.

वहिनी : आण ती पेन्सिल. नद्या आपल्या. धान्य आपलं. माती वाहून जाते तीही आपलीच. आणि 'कोणालाही त्याचं काही नसतं' हे ठेव, फक्त 'आपल्याला त्याचं काही नसतं' असं कर.

छबू : समिती भुवया उंचावेल.

वहिनी : उंचावू दे. आपलं म्हटल्यावर ओरडायचा हक्क आलाच. भूमिका हवी होती ना त्यांना? आणि शेवटी स्वाध्यायात एक प्रश्न घाल. 'तुमच्यापैकी कोणी पांढरी माती पाहिली आहे का? ती कशी असते, ते वर्गाला सांगा.'

छबू : हे मात्र छान. पण पांढरी माती आपल्याकडे कुठे असते?

वहिनी : ते त्या धाकटीला सांगू दे. मला एवढंच माहीत आहे, की ती वर्गात आहे.

(आतल्या खोलीत फोन वाजतो.)

दादा : लेकच आहे. तू घेतेस की मी बोलू?

वहिनी : द्या इकडे. हं, बोल गं. नाही, कामात कसली, आत्या आली आहे तुझी. धडा संपला एकदाचा. हो, चहा आहे, तुझे बाबा अजून उकळतायत. ते असू दे. शपथेच्या दिवशी काय घालणार आहेस? बरं. वर काहीतरी गरम घे. आपल्याकडे आता फार थंडी असेल ना? अगं, इथली नाही विचारत वेडे, तिथली. इथली मला माहीत आहे की.