दोन मिनिटं कॉलम बघा

...आणि जाहिरातीच्या वर ठळक अक्षरांत काय, तर 'सुवर्णसंधी'! तुम्हाला सांगते, नोकरीला कुणी संधी म्हणालं ना, की माझ्या मनात पाल चुकचुकते. नोकरी आहे तर नोकरी म्हणा की! प्रोटीन बायोकेमिस्ट्री आणि मॉलिक्युलर बायोलॉजीतली पोस्टडॉकची जागा, म्हणजे पीएचडी झालेल्या माणसानं पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली राबायचं. सासूबाई विचारतात, "अगं, डॉक्टर झालीस ना? मग डॉक्टरच्या पुढचं काय असतं?" काय सांगू? पुढचं तेच असतं आई, फक्त पाटी नवी!

पण गरज होती हो. आताची जागा महिनाअखेर बंद होणार, आणि ज्या प्रोटीनपायी मी केस पिकवले ते कुणाच्या तरी फ्रीजरमध्ये बेवारस पडणार. नवरा म्हणाला, "बघून तर ये, खातायत का तुला?" गेले. जाहिरातीत 'स्वतंत्र वृत्तीचा उमेदवार', म्हणजे विचारलं तरी कुणी सांगणार नाही. 'घरच्यासारखं वातावरण', म्हणजे घरी जाऊ देणार नाहीत! चुकचुकेल नाही तर काय करेल पाल?

सर तर इतके गोड, इतके गोड... चहासुद्धा स्वतः आणला. मी तो हुंगून प्यायले. मग थेट विचारलं, "सर, आधीचे पोस्टडॉक का गेले?"

"गेला कुठे? कोल्ड रूममध्ये आहे ना!"

अगं बाई! कोल्ड रूममध्ये ठेवलाय?

जाऊन बघते तर काय, फ्रिजसारखी गारढोण खोली, आणि आत स्वेटर घालून एक गृहस्थ कॉलमसमोर बसलेले. कॉलम म्हणजे काचेची उभी नळी हो, वरून बफर, म्हणजे क्षारांचं पाणी, ओतत राहायचं, खालून शुद्ध प्रोटीन थेंबथेंब उतरतं. नळी कोरडी पडली की सगळी मेहनत पाण्यात! मी म्हटलं, "तुमची मुदत संपली ना? मग जात का नाही?"

"कॉलम चालू आहे."

"आणि तो संपला की?"

"सर दुसरा लावतात." आणि मग इतक्या गरीब आवाजात म्हणाले, "ताई, दोन मिनिटं बघता? आलोच." जाताना अंगातला स्वेटर काढून मला दिला हो! काय माणुसकी, मला अगदी भरून आलं.

आले का ते? यायचं नाव नको! आणि चालू कॉलम टाकून मी जाणार कशी? कुणाचं का असेना, प्रोटीन आहे ते! मी आपली बफर ओततेय, ओततेय... तेवढ्यात सरांनी दार उघडलं, "अरे वा! रुजू झालात!"

जाहिरातीवर संशय घेतला, सरांवर घेतला, चहावर घेतला, तेवढी ती दोन मिनिटं सुटली बघा. आणि पाल? अहो, एवढ्या गारठ्यात पाल कसली चुकचुकतेय!

बरं, इतका वेळ ऐकताच आहात, तर तुमच्यापैकी कुणी दोन मिनिटं... नाही हो, आलेच मी... स्वेटर देते ना... नको?

चुकचुकली वाटतं तुमची. असू दे, बसते मीच.