आठवी गाठ

दि. १३/१०/२०२५, दुपारी १२.४०

मी पंचफुला शालिकराम बारापात्रे, वय ६३ वर्षे, धंदा गाठीचे दोरे देणे (परवाना वर्ग सौम्य), पूर्वी हातमाग, रा. मागवाली गल्ली, नागपूर. पोलीस ठाण्याच्या मंत्रबाधा कक्षात आपणहून हजर होऊन जबाब लिहून देते की,

मी वरील पत्त्यावर पती शालिकराम, वय ६८, यांच्यासोबत राहते. अकरा वर्षांपासून दोरे देते. सुती दोऱ्याला सात गाठी, प्रत्येक गाठीला एक मंत्र. त्याने ताप उतरतो, झोप लागते, घरातली भांडणे निवतात. कोणाचे वाईट व्हावे म्हणून मी आजवर एकही दोरा दिलेला नाही. दोरे मी गल्लीतल्या विहिरीच्या ओट्यावर बसून बांधते, कारण तिथे उजेड चांगला असतो. विहिरीवर लोखंडी झाकण आहे.

जुलै महिन्यात मी पतींच्या मनगटाला दोरा बांधला. कारण, लग्नाला बेचाळीस वर्षे झाली आणि त्यांनी एक दिवस चूक काढल्याशिवाय घालवला नाही. भाजीचे मीठ, पोळीचा काठ, पंख्याचा आवाज. दोरा बांधल्यावर ते गप्प झाले. खरे सांगायचे तर मला ते आवडले. मग गल्लीतले लोक दोरे मागू लागले. शेजारच्या चंद्रकलाबाई म्हणाल्या, "तुमच्या हाताले गुण आहे वं वहिनी." अडीच महिन्यांत गल्लीतल्या सगळ्यांच्या मनगटावर माझा दोरा आला. गुडघ्यासाठी मीही एक बांधून घेतला. गल्लीत आवाज म्हणून राहिला नाही. मी फुशारले होते.

शुक्रवारी, दि. १० रोजी, मी मुगाच्या वरणात मीठ घालायलाच विसरले. पती जेवून उठले, मी बसले तेव्हा कळले. विचारले तर म्हणाले, "चांगलं होतं." मला धडकी भरली. या माणसाने अळणी वरण मुकाट्याने खाल्ले, म्हणजे आत तो माणूसच नाही असे वाटले. मी ताटावर रडले. मग त्यांचा हात ओढून दोरा पहिल्यांदा नीट पाहिला. गाठी आठ होत्या.

अडीच महिने कसे दिसले नाही, असे हवालदार साहेबांनी विचारले. त्याचे उत्तर असे की, आम्ही विणकर तुटलेला धागा बोटांनीच जोडतो. गाठीकडे बघून गाठ मारणारा आमच्यात कच्चा समजला जातो. मी कच्ची नाही, म्हणून मी बघितलेच नाही.

शनिवारी सकाळी चंद्रकलाबाईंना मोबाइलवर माझ्या हातांचे शूटिंग करायला लावले. त्यात दिसते की सातवी गाठ झाली, मंत्र संपला, माझे ओठ मिटले, तरी बोटांनी आणखी एक गाठ मारली. मला ती मारल्याचे आठवत नाही. ती चुप्याची गाठ आहे. चुप्या म्हणजे माणसाची हरकत गिळणारे भूत, ते आमच्या विहिरीत कोंडलेले आहे, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. सगळी गल्ली एकमुखाने हो म्हणाली तरच त्याचे झाकण निघते, म्हणून ते आजवर निघाले नाही. एकमत होईल अशी आमची गल्ली नव्हती.

बांधणाऱ्याने स्वतः दोरा कापला तर गाठी सुटतात, पण मग त्याच्या हातात गुण राहत नाही. शनिवारी मी कात्री काढली आणि परत ठेवली. लोक मान देत होते, तो सोडवेना. याची मला लाज वाटते.

रविवारी अकरा वाजता समाजभवनात सभा झाली. विषय, झाकण काढून तिथे गाड्या लावायची जागा करणे. हा विषय कोणी मांडला ते कोणालाच सांगता आले नाही. अध्यक्ष श्रीधर निनावे यांनी विचारले, "कोणाची हरकत?" मी नाही म्हणायला उठले, तर तोंडातून "हो" निघाले. सगळे हो म्हणून राहिले होते. हरकत घेण्याचा सराव आमच्या गल्लीत एकाच माणसाला आहे. मी पिशवीतून कात्री काढून पतींचा दोरा कापला.

ते उठून उभे राहिले. म्हणाले, "काहून? काहून काढायचं गा झाकण? आन् हा माईक कोनं लावला? घरघर करून राहिला." तेवढ्यात विहिरीकडून झाकणाला खालून धक्का बसल्याचा मोठा आवाज आला. मग बंद झाला. मी दीड तास बसून सगळ्यांचे दोरे कापले. शेवटचा दोरा निघेपर्यंत सभेत चार भांडणे लागली होती.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. झाकणाला सरकारी सील लावावे, एवढी विनंती आहे. माझ्या हातातला गुण गेला. परवाना सोबत जमा करते. वाईट वाटेल असे वाटले होते, तसे वाटले नाही. काल संध्याकाळी पती म्हणाले, "वरण खारट झालं." मी त्यांना आणखी वाढले.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. बाहेर बाकावर बसलेल्या पतींनी दारातून ऐकून त्यात चुका काढल्या. त्याप्रमाणे एक्केचाळीसची बेचाळीस वर्षे केली, तुरीच्या जागी मूग लिहिले. "मला ते आवडले" हे वाक्य खोडा असेही त्यांचे म्हणणे आहे. ते मी खोडू दिलेले नाही. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही
पंचफुला शालिकराम बारापात्रे