आसनाखालचा शर्ट

– चहा नको तर राहू द्या महाराज, पण बसा तरी. उभ्या उभ्या विचारायची गोष्ट आहे का ही – ताई, तुमच्या यजमानांना संन्यास द्यायचाय, तुमची हरकत नाही ना? गॅसचं मीटर बघायला येणारा माणूससुद्धा आधी पाणी मागतो. बसा. हळू बोलू या, हे आत ध्यानाला बसलेत. तसं त्यांना काही ऐकू जात नाही म्हणा, कुकरच्या शिट्ट्या होऊन भात करपला तरी उठत नाहीत. चाकणला कंपनीत प्रेस शॉपमध्ये, पत्रे दाबायच्या मशिनींवर होते ना, सगळी नोकरी त्या दणदणाटात गेली, आता शांतता पाहिजे म्हणतात. पाहिजे तर पाहिजे. मी कुठे नाही म्हणतेय?

तुमच्या मठाची पद्धत चांगली आहे हां. बायकोनं स्वतःच्या तोंडानं हो म्हटल्याशिवाय दीक्षा नाही. पण एक विचारू? दीक्षेच्या आधी म्हणे स्वतःचं श्राद्ध स्वतः घालतात, स्वतःच्या नावाचा पिंड ठेवतात. मग दुसऱ्या दिवशी सकाळी मी आरशासमोर काय करायचं – कुंकू लावायचं की नाही? हे तर जिवंत, तुमच्याकडे भाजी निवडत बसलेले. समोरच्या गोजाबाईंना विचारलं, त्या इथल्या जुन्या गाववाल्या. म्हणाल्या, "लाव की सुमन. त्यो मेला आसंल त्याच्यापुरता, तू न्हाई मेलीस." हसायला आलं मला. तुम्हीही हसा, हसण्यानं व्रत मोडत नसेल.

सुजित गेल्यानंतरचं हे सगळं. आमचा मुलगा. पहिल्या शिफ्टला निघाला होता बाइकवर, म्हाळुंग्याजवळ ट्रेलरनं – असो. यांनीच शब्द टाकून त्याला कंपनीत लावलं होतं. तेराव्यानंतर हे गप्प झाले ते झालेच. आधी नाम, मग ध्यान, मग तुमच्या मठातले रविवार, मग त्याग. त्याग कसा केला सांगू? कंपनीत रीत असते – जी वस्तू लागत नाही तिला लाल चिठ्ठी लावायची, एका कोपऱ्यात नेऊन ठेवायची, महिनाभर कुणी मागितली नाही की भंगारात. फाइव्ह एस म्हणतात. यांनी ते घरात सुरू केलं. घड्याळ, लग्नातला कोट, स्कूटर, हार्मोनियम – सगळ्यांवर लाल चिठ्ठ्या, आणि खाली सुवाच्य अक्षरात 'गरज नाही'. मी गंमत म्हणून एक चिठ्ठी पदराला चिकटवली आणि पोळ्या लाटत बसले. यांनी पाहिलं. काढली, चुरगाळली, खिशात घातली. म्हटलं, चला, मी अजून लागते म्हणजे.

मग सुजितचं कपाट. पुस्तकं गेली, बूट गेले, एकेक करत सगळं गेलं. कंपनीचा करडा शर्ट तेवढा राहिला. तो घडी करून यांनी आसनाखाली ठेवला होता. मला ठाऊक नाही असं वाटायचं त्यांना – अहो, झाडताना आसन मीच उचलते ना. मी काही बोलले नाही. तुम्हीसुद्धा बोलू नका बरं का, तुमच्या मठातल्या मोठ्या महाराजांना तर मुळीच नको. आणि आता सांगायला तसं काही राहिलेलंही नाही, कारण परवा तो शर्टही बाहेर आला. चिठ्ठी लावून, द्यायच्या कपड्यांच्या गाठोड्यात. आणि यांचा चेहरा इतका हलका, इतका मोकळा – मला राग आला. रागच. हे भाजी आणायला गेले तशी मी जाऊन बसले त्या आसनावर. बघू तरी काय मिळतं. डोळे मिटले. गुडघे दुखत होते, दूध वर ठेवलंय का हे आठवत होते, आणि मग – कसं सांगू – काहीच नव्हतं. मी नव्हते. सुजित नव्हता. आणि दुखत नव्हतं. तुम्ही मान डोलावताय, तुम्हाला ते चांगलं वाटतंय. मी घाबरून उठले, महाराज. पोरगा नाही आणि दुखत नाही, अशी जागा असते? आणि हे रोज तिथे जातात?

गाठोडं सोडलं मी. शर्ट काढला, चिठ्ठी फाडली आणि होता तसा ठेवला आसनाखाली.

काल सकाळी हे बसले. बसल्याबरोबर हात खाली गेला. कळलं त्यांना. डोळे उघडले नाहीत, पण श्वास बदलला, स्वयंपाकघरात ऐकू आला मला. काढला नाही. आजही त्याच्यावरच बसलेत. दोनदा नाही सोडता येणार त्यांना, मला माहीत होतं ते. माहीत होतं म्हणूनच –

हे सांगायचं नव्हतं तुम्हाला.

काय म्हणालात? शर्ट काढून घेऊ? घेईन की. मग हे शांत होऊन मठात जातील आणि इथे दुखायला कोण राहील, मी एकटी? तो दोघांचा होता महाराज. यांना मी सोडेन. कुंकवाचं काय, लावेन नाहीतर नाही लावणार. पण अर्धं दुखणं माझ्या पदरात टाकून मोकळं व्हायचं, याला त्याग म्हणत असतील तर तुमच्यात म्हणोत.

मोठ्या महाराजांना सांगा, बाई नाही म्हणाली. विचार करते म्हणाली असं गोड करून सांगू नका. नाही म्हणाली. कारण विचारलं तर –

थांबा. आतला पंखा बंद झाला, उठले हे. तिकडे बघू नका, उठा. दार मी लावून घेते. निघा तुम्ही.